आडात आहे

होलबीचच्या पलीकडे, जिथे जमीन इतकी सपाट
की चर्चचा मनोरा हाच काय तो डोंगर,
दाइवाने माझ्यासमोर एक गड्डा उभा चिरला.
वरून निळसर, घट्ट, थाप मारली तर भरीव.
आत सातव्या की आठव्या पानापासून
कडा तपकिरी,
गाळणीत राहिलेल्या चहासारख्या.

'वरून कीर्तन' तोंडाशी आलं होतं. गिळलं.
कोबीने काही ढोंग केलं नव्हतं.

तीन पॅलेट पॅकहाउसने परत धाडलेले.
एडविना थर्लबी हात खिशातून न काढता म्हणाली,
"माझ्या मातीत चुना कमी नाही.
तुमच्याच लॅबचा कागद आहे."
कागदावर सही माझी.
आणि खरंच, समुद्राने मागे सोडलेला हा गाळ,
ढेकूळ फोडलं की अजून शिंपल्याची कपची निघते.

आमच्याकडे म्हणतात,
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून.
इथे आड काठोकाठ
आणि पोहरा वर येतो तो कोरडा.

मी बुटाच्या टोकाने मातीत आकृती काढली.
दिवसा बाहेरची पानं वारा खातात,
वाफ सोडतात, पाणी मागतात,
मुळातून निघालेलं सगळं त्यांच्याकडे धावतं
कॅल्शियमसकट.
आतलं पान मिटलेलं.
त्याला ऊन नाही, झुळूक नाही,
ते मागत नाही,
म्हणून त्याच्या वाट्याला येत नाही.
त्यात जूनमध्ये तू नत्र ओतलंस, शेजाऱ्याच्या दीडपट.
गड्डा फुगला. कडा उपाशी.

"मग फवारते."
फवारलेलं बाहेरच्या पानावर बसेल, एडविना.
दार लागल्यावर उंबऱ्यावर ठेवलेलं ताट.

(तिच्या चुलतभावाचा रोग वेगळा होता.
त्याच्या कोबीचा दांडा आतून पोकळ, बोट जाईल एवढा.
थोडं नत्राचं पाप, थोडी बोरॉनची उणीव.
त्याला चिमूट सांगितली, त्याने मूठ टाकली,
पुढच्या पिकाची पानं करपली.
तो अजून मला पबमध्ये ओळख देत नाही.)

रात्रीचं मात्र निराळं.
वारा पडतो, पानांची बारीक तोंडं मिटतात,
बाहेर कुणी ओढणारं उरत नाही,
तेव्हा मूळ आपल्याच जोराने वर ढकलतं
आणि थोडं, अगदी थोडं,
न मागणाऱ्यापर्यंत जातं.
पण माती ओली हवी. रोज सारखी ओली.
आठवडाभर तहान आणि मग पूर, असं नाही.

खताच्या पिशवीच्या पाठीवर लिहून दिलं:
नत्र कमी, तेही तीन हप्त्यांत.
पाणी संध्याकाळी.
सावकाश वाढणारं वाण.
गड्डा भरला की काप, बाजारभावाची वाट बघत शेतात ठेवू नकोस.
तिने घडी घातली, टोपीत ठेवली,
हो म्हणाली नाही.

पुढल्या ऑगस्टात पहाटे पाचला फोन.
"ये. आत्ता. ऊन चढायच्या आधी."
गेले. चप्पल चरात रुतली, तिथेच सोडली.
रांगांच्या रांगा, आणि प्रत्येक पानाच्या काठावर
शिरेच्या टोकाशी एकेक थेंब,
शिवणीत टाचल्यासारखे.
"दव?" तिने विचारलं.
दव पानभर पडतं. हे आतून आलंय.
मुळाने रात्रभर ढकलत आणलेलं.

ती वाकली, एक थेंब बोटावर घेतला,
माझ्याकडे बघून जिभेला लावला.
"कशाचीच चव नाही," म्हणाली.

दाइवा सुरी घेऊन आली होती.
एडविनाने मान हलवली, थांब.
आम्ही तिघी बांधावर बसून राहिलो
ऊन येऊन ते थेंब नेईपर्यंत.